गॅस कोणी लावायचा

माझ्या पप्पांनी आयुष्यभर रोज सकाळी स्वयंपाकघरात जाऊन गॅस लावला, आणि त्याबद्दल दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या आमच्या सगळ्या ब्लॉकने त्यांचं कौतुक केलं. त्या कौतुकाचा मला आता संताप येतो.

पप्पा उठायचे, हात धुवायचे, पुटपुटत सकाळची प्रार्थना म्हणायचे आणि दाढीला बसायच्या आधी थेट ओट्याशी जायचे. काडी ओढायची, बर्नर पेटवायचा, ज्योत बारीक करायची आणि आईला हाक मारायची, "लावलाय गं." मग आई चहाचं आधण ठेवायची. संध्याकाळी पुन्हा तेच. ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्याही आधी गॅस. आई पप्पांच्याच मंत्रालयात दुसऱ्या विभागात होती आणि त्यांच्या आधी घरी यायची. कणीक मळून, भाजी चिरून, कुकर भरून ती बसून राहायची. पप्पांना मीटिंग लागली की मी आणि माझा भाऊ ग्लुकोजची बिस्किटं खात गॅलरीतून रस्त्याकडे बघायचो. "येतीलच आता," आई म्हणायची. तव्याखाली काडी ओढायला तिला काय धाड भरली होती, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. आमच्या घरी गॅस पप्पा लावतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

समोरच्या पंजाबी आंटी आपल्या नवऱ्याला जिन्यात उभं करून ऐकवायच्या, "इनको देखो जी, सुबह उठके बीवी के लिए चूल्हा जलाते हैं. आपसे तो पानी का गिलास नहीं उठता." पप्पा लाजून हसायचे. आईसुद्धा हसायची. त्या हसण्याकडे मी तेव्हा नीट पाहायला हवं होतं.

पप्पा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आई पुण्याची, चतुर्थ्या-एकादश्या करणाऱ्या घरातली. दिल्लीत नोकरीला आले, भेटले, रजिस्टर लग्न केलं. दोन्हीकडच्यांनी थोडी आदळआपट केली आणि मग दिल्ली लांब असल्यामुळे सगळे विसरले. त्यानंतर आमच्या घरात धर्म पाळला तो आईने. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हे असं कोणी कधी म्हटलं नाही.

मटण आणून मिठात ठेवायचं, रक्त निघेपर्यंत धुवायचं, ते आई करायची. मटणाची भांडी वेगळी, दुधादह्याची वेगळी, ती आई सांभाळायची. मटणात दही चालत नाही म्हणून नारळाचं दूध काढायचं, आणि दिल्लीत तेव्हा बरा नारळ मिळायचा तो पार आय.एन.ए. मार्केटात. तिथून पिशवी लोंबकळत बसने कोण यायचं? आई. अंडं आधी वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना ते बघायचं आणि मगच आमलेटात घालायचं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचं, सगळं रांधून ठेवायचं, कारण तेवढा एक दिवस विस्तव पेटवायचा नाही, मनुका उकळून, कुस्करून, गाळून सरबत करायचं. दिव्याच्या वाती आई वळायची, तेल आई घालायची. काडी मात्र पप्पा ओढायचे. मग डोक्यावर टोपी घालून ते सरबताचा पेला उचलायचे आणि हिब्रूतून आशीर्वाद म्हणायचे. आम्ही आमेन म्हणायचो. आईचा आमेन सगळ्यांत मोठा असायचा.

मला हे सगळं आवडायचं, अजूनही आवडतं. दर वेळी वाटीत वाकून बघितल्याशिवाय मी आजही अंडं पातेल्यात घालत नाही. जिवाचं रक्त आपण खाऊ नये हा नियम मला पटतो. दिवसातून एकदा तरी माणसाने असं वाकून बघावं. पण ते मला आईने शिकवलं, पप्पांनी नाही.

आता आम्ही फरीदाबादला राहतो. पप्पा-आई रिटायर झाल्यावर माझ्याकडे आले. सोसायटीत पाइपचा गॅस आहे, काड्यापेटी जाऊन लायटर आला, तरी सकाळी पप्पांची टकटक चुकली नाही. या हिवाळ्यात मात्र त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धी जीभ गेली. हॉस्पिटलात तिथला दलिया, खिचडी त्यांनी मुकाट्याने खाल्ली. घरी आणलं आणि त्यांनी जेवण सोडलं.

म्हणजे अगदी सगळं नाही. केळं खायचे, पपई खायचे, पाव दुधात बुडवून खायचे. पण आईने मऊ भात आणला की तोंड फिरवायचे. पेज आणली, वरण आणलं, तोंड फिरवलं. कोंबडीचं सूप नारळाच्या दुधात करून आणलं, डोळे मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, "डिप्रेशन है, हो जाता है." डिप्रेशनची गोळी वाढली. गोळ्या मूठभर आणि पोटात अर्धं केळं. गालफडं बसली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. आई दर वेळी नवीन काहीतरी करायची आणि ताट तसंच परत आणून ओट्यावर ठेवायची. मी तिला म्हणायचे, "अगं, बिल्कुल टेन्शन घेऊ नकोस, औषधांनी तोंडाची चव जाते." ती ताट घासायला घ्यायची.

अशातच इस्राएलहून आत्या आली. पप्पांची धाकटी बहीण. तरुणपणीच तिकडे गेलेली, तिथेच नातवंडं झालेली. भावाला बघायला एवढ्या लांबून आली, ते प्रेमाने आली, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि आई लायटर ओढत असताना म्हणाली, "वहिनी, गॅस तुम्ही लावता?"

"मग कोण लावणार?" आई म्हणाली.

आत्याने कपाळावर हात मारला. "अहो, म्हणून दादा जेवत नाही! तुम्हाला एवढं कळू नये?"

मी डब्यात पोळी-भाजी भरत होते. माझी ऑफिसची कॅब खाली हॉर्न देत होती. मी म्हटलं, "काय कळायचंय आत्या?"

आणि तिने सांगितलं, अगदी सहज, एखाद्या भाजीची कृती सांगावी तसं. ज्यू नसलेल्याने एकट्याने रांधलेलं अन्न ज्यू माणसाने खायचं नसतं. पण विस्तव जर ज्यू माणसाने पेटवला, तर त्याचा हात त्या स्वयंपाकाला लागला असं धरतात, आणि मग ते चालतं. लग्नाआधी दादाने मुंबईत एका जाणत्या माणसाला विचारून घेतलं होतं. "म्हणून तर तो रोज लावायचा. नाहीतर वहिनींच्या हातचं कसं खाल्लं असतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आईकडे बघितलं. ती ज्योत बारीक करत होती.

"पप्पा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये छोले-भटुरे खायचे," मी म्हटलं. "तिथल्या भट्टीत काडी टाकायला कोण बेने इस्राएल बसला होता? हॉस्पिटलातली खिचडी कोणी लावलेल्या गॅसवर झाली?"

"बाहेरचं वेगळं, घरचं वेगळं," आत्या म्हणाली. "घरचं टेबल म्हणजे आपल्याला देवळातल्या वेदीसारखं. आणि खरं सांगू, तिकडे आमचे लोक म्हणतात की नुसता गॅस लावून भागतच नाही. भांडंही आपल्याच हाताने चढवावं लागतं. दादाला त्या माणसाने अर्धवटच सांगितलं."

म्हणजे तेही धड नाही! एवढ्या सकाळी, एवढ्या संध्याकाळी, कणीक मळून वाट बघत बसलेली बाई, बिस्किटं चघळणारी पोरं, आणि तो नियमही अर्धाच. मी हसायला लागले. रागाचं हसू फार वाईट असतं, थांबत नाही. मग एकदम मला आठवलं आणि थांबलं. कॉलेजात असताना एका रविवारी मी पप्पांसाठी हौसेने उपमा केला होता. वर खोबरं, कोथिंबीर घालून बशी नेऊन दिली. ते म्हणाले, "पोट भरलंय गं बेटा," आणि केळं सोललं. तो उपमा मी आणि भावाने खाल्ला.

"आत्या," मी विचारलं, "मी लावलेला गॅस चालतो का?"

तिने डब्याचं झाकण लावून डबा माझ्या हातात दिला. ज्यूंमध्ये धर्म आईकडून येतो, वडिलांकडून नाही, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. शुक्रवारचे आमेन, नवीन वर्षाचा मध, उपवासाच्या दिवशी पाण्याशिवाय काढलेला दिवस, यातलं काहीच धरलं जात नव्हतं. माझ्या वडिलांच्या लेखी माझा हात आणि समोरच्या पंजाबी आंटीचा हात सारखाच. कॅब निघून गेली. मी ऑफिसला मेसेज टाकला आणि मेट्रोने गेले.

मेट्रोत उभ्याने मी तो नियम फोनवर शोधून वाचला. रागाच्या भरात मी फार लक्ष देऊन वाचते. दोन गोष्टी मिळाल्या. पहिली, हा नियम फक्त राजाच्या पंगतीला शोभेल अशा पदार्थांना लागतो. फालतू, गरिबाच्या जेवणाला लागत नाही. म्हणजे पप्पांच्या समोर आईने धरलेली ती पेज, मीठ घातलेली, पाण्यासारखी, ती कुठल्या राजाच्या पंगतीला वाढणार होते? ती त्यांना खाता आली असती. उपमासुद्धा, मला विचाराल तर.

दुसरी गोष्ट वाचून मी जिथे उतरायचं तिथे उतरलेच नाही. नियमाचं कारण दिलं होतं. परक्याच्या हातचं गोडधोड खात राहिलं की जाणं-येणं वाढतं, माया जडते आणि उद्या लग्न होतं. ते होऊ नये म्हणून हा नियम.

लग्न होऊ नये म्हणून! आणि हे गृहस्थ लग्न करून, दोन मुलं काढून, रोज सकाळी तो नियम पाळत होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण त्या जुन्या पंडितांना मी नावं ठेवू शकले नाही, हीच खरी पंचाईत झाली. माणूस कशाने बांधला जातो ते त्यांना बरोबर कळलं होतं. कोणीतरी रोज तुमच्यासाठी रांधतं, तुम्ही ते खाता, आणि एक दिवस ते माणूस परकं राहत नाही. इतक्या नेमकेपणाने ही गोष्ट मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. ज्या नियमात एवढं शहाणपण आहे, त्याच नियमाने माझ्या आईला तिच्याच ओट्याशी परकं ठेवलं. ते कसं पोटात घालायचं हे कुठल्याही पानावर दिलेलं नव्हतं.

संध्याकाळी आई गॅलरीत कपडे काढत होती. मी दार ओढून घेतलं आणि विचारलं, "तुला माहीत होतं?"

"लग्नाआधीपासून," ती म्हणाली. "इंडिया गेटवर शेंगदाणे खाताना सांगितलं त्यांनी. म्हणाले, एवढं एक चालवून घे. मी म्हटलं, रोज माझ्याआधी उठणार असाल तर चालेल मला."

"आणि तुला राग नाही आला? यार आई, हा सरळसरळ अपमान आहे."

"राग काय फक्त तुझ्या ऑफिसात तयार होतो?" तिने चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी घडी घातली. "गॅसचा नाही राग. त्या निमित्ताने नवरा रोज स्वयंपाकघरात यायचा, दोन शब्द बोलायचा. माझ्या बहिणींच्या नवऱ्यांना मोरी कुठे आहे ते माहीत नव्हतं. राग दुसऱ्याचा आहे."

"कशाचा?"

"त्यांनी मला कधी विचारलं नाही, की तू आमच्यातली होतेस का म्हणून." ती चादरीकडे बघत बोलत होती. "मी हो म्हटलं असतं. सगळं शिकले, सगळं केलं, सण तुमच्या आत्यापेक्षा जास्त पाठ झाले. वाटलं, आज विचारतील, या पेसाहच्या सणाला विचारतील. मग तुम्ही झालात. मग वाट बघायची सवयच गेली. मी स्वतःहून जाऊन म्हणायचं होतं का, की मला घ्या?"

आईची आणि माझी उंची सारखी आहे. तिच्या खांद्यावर डोकं ठेवायचं तर वाकावं लागतं, तशी मी वाकले. ती म्हणाली, "चल, कपडे ओले होतील," आणि आत गेली. आभाळ स्वच्छ होतं.

आत्याने तोवर तोडगा काढला होता. "मी आहे तोवर गॅस मी लावते," ती म्हणाली. "मी गेले की बटणाची शेगडी आणा, दादाच्या पलंगाशी ठेवा, त्याच्या डाव्या हाताने बटण दाबून घ्या. तो जेवला पाहिजे ना?"

खरं सांगते, मी लगेच तयार झाले असते. पप्पांची गालफडं माझ्या डोळ्यांसमोर होती. तत्त्वं गेली उडत, एक घास पोटात जाऊ दे, असं मला वाटत होतं. पण आई म्हणाली, "वन्सं, तुम्ही पाहुण्या आहात. या घरात गॅस ते लावतील, नाहीतर मी."

"वहिनी, तो उपाशी मरेल!"

"मग त्यांना विचारू या," आई म्हणाली.

मला तिचाही राग आला. इतकी वर्षं मूग गिळून बसली आणि आता, तो माणूस आडवा पडलेला असताना, हिला विचारायचं आहे. पण ती निघाली तशा आम्ही दोघी मागोमाग गेलो.

पप्पा उशीला टेकून बसले होते. शुक्रवार नव्हता, सण नव्हता, टीव्हीवर कुठलीतरी मॅच आवाज बंद करून चालली होती. आईने टीव्ही बंद केला. पलंगाच्या कडेला बसली आणि त्यांचा चालणारा हात धरला.

"मी गॅस लावते आणि तुम्ही जेवत नाही," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून कळलंय. मी उगाच वेगवेगळं करून आणत होते, वाटलं एकदा तरी विसराल. आता एकदाच विचारते. माझ्या हातचा विस्तव आणि तुमच्या लेकीच्या हातचा. तुम्हाला चालतो की नाही? चालत नसेल तर नाही म्हणा. मी वन्सांना लावू देईन, तुम्ही जेवाल, आणि मी त्या ओट्याशी पुन्हा उभी राहणार नाही."

आत्या म्हणाली, "दादा, तू दमू नकोस." आई तिच्याकडे बघून म्हणाली, "त्यांना बोलू द्या." आईचा तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

पप्पांचं तोंड हलायला लागलं. डावी बाजू हलत होती, उजवी नव्हती. आधी म्हणाले, "माझं... काम." आई थांबली. "काम होतं तुमचं, हो," ती म्हणाली. "आता होत नाही तुमच्याने. मी काय विचारलं?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिला पुसायचं नव्हतं, तिने पुसलं नाही. हात तेवढा धरून ठेवला.

आई उठली नाही. मग पप्पा म्हणाले, "लाव."

आई उठून गेली. मऊ भात केला, वरून साधं वरण घातलं. पप्पांनी पुटपुटत आशीर्वाद म्हटला, अर्धे शब्द लागले, अर्धे नाही. आम्ही आमेन म्हटलं, आत्यासुद्धा म्हणाली. आईने भरवलं आणि त्यांनी खाल्लं, हनुवटीवरून ओघळत होतं तरी खाल्लं, आणि वाटी रिकामी झाल्यावर डाव्या हाताने पुढे सरकवली. आई घाईघाईने आणखी आणायला उठली. तिचा चेहरा उजळला होता, कोणीतरी मोठं बक्षीस दिल्यासारखा, आणि तो बघून मला आनंद झाला नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. एवढासा तो शब्द. जीभ चांगली धडधाकट होती तेव्हा रोज, दोन्ही वेळा, त्या ओट्याशी उभं राहून तो त्यांना म्हणता आला असता.